माइक नसताना रेकॉर्डर काय ऐकतो?

हातात मावणारा रेकॉर्डर घ्या. त्याला माइक जोडू नका. कानाला हेडफोन लावा आणि गेनचं, म्हणजे संकेत किती मोठा करायचा ते ठरवणारं बटण शेवटपर्यंत फिरवा. खोलीत चिडीचूप शांतता असली तरी कानात बारीक 'सूंऽऽ' सुरू होतं. हा आवाज खोलीतला नाही, रस्त्यावरचा नाही. तो यंत्राचा स्वतःचा आहे आणि त्या यंत्रावर केलेल्या प्रत्येक ध्वनिमुद्रणात कमीअधिक प्रमाणात मिसळलेला असतो.

आज रेकॉर्डर बऱ्याच जणांच्या हाती असतो. कोणी आजीच्या आठवणी नोंदवून ठेवतं, कोणी पॉडकास्ट करतं, कोणी पावसाळ्यात सह्याद्रीत बेडकांच्या मागे फिरतं. नवा रेकॉर्डर घेताना सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : 'याला नॉइज किती?' खोक्यावर 'अत्यल्प नॉइज' असं छापलेलं असतंच. माहितीपत्रकात 'उणे १२७' किंवा 'उणे १२०' असा आकडाही सापडतो. पण हा आकडा कोणत्या अटींवर मोजला हे कळल्याशिवाय त्यावरून काहीच ठरवता येत नाही. त्या अटी समजल्या तर आकडा बरंच काही सांगतो. पुष्कळदा तो असंही सांगतो की दोष रेकॉर्डरचा नाहीच.

उष्णतेचा आवाज

या सूंचं मूळ कुठल्या बिघाडात नाही. १९२८ साली अमेरिकेत जॉन जॉन्सन यांनी मोजून दाखवलं की कोणत्याही रोधकाच्या, म्हणजे रेझिस्टरच्या, दोन टोकांमध्ये, त्याला काहीही जोडलेलं नसताना, अतिशय सूक्ष्म आणि सतत हेलकावणारा व्होल्टेज असतो. उष्णतेमुळे रोधकातले इलेक्ट्रॉन स्वस्थ बसत नाहीत, सारखे इकडेतिकडे धावतात, त्याचा हा परिणाम. हॅरी नाइक्विस्ट यांनी त्याच वर्षी त्याचं गणित मांडलं. दोघेही जन्माने स्वीडिश, आणि दोघांचंही काम टेलिफोनच्या तारांशी निगडित. दूरच्या माणसाचा आवाज तारेतून नेताना तो किती क्षीण झाला तरी चालेल, हा त्या काळच्या टेलिफोन कंपन्यांपुढचा रोकडा प्रश्न होता.

नाइक्विस्ट यांच्या सूत्रात तीनच गोष्टी येतात : तापमान, रोध आणि आपण किती रुंद कंपनपट्टा ऐकतो. बहुतेक व्यावसायिक माइकचा रोध १५० ओहमच्या आसपास धरतात. खोलीचं तापमान २७ अंश सेल्सियस आणि कंपनपट्टा माणसाच्या कानाचा, म्हणजे २० किलोहर्ट्‌झपर्यंतचा घेतला, तर उत्तर येतं सुमारे ०.२२ मायक्रोव्होल्ट. एका व्होल्टचा दशलक्षावा भाग म्हणजे मायक्रोव्होल्ट. त्याचाही हा पाव हिस्सा नाही.

ध्वनिमुद्रणाच्या व्यवहारात हा आकडा 'डीबीयू'मध्ये सांगतात. ०.७७५ व्होल्ट म्हणजे शून्य डीबीयू. हा विचित्र आकडाही टेलिफोनच्या काळातलाच : ६०० ओहमच्या तारेत एक मिलिवॉट शक्ती पोचवायला एवढा व्होल्टेज लागतो. या मापाने १५० ओहमच्या रोधकाचा नॉइज उणे १३१ डीबीयू भरतो. ही निसर्गाने घातलेली मर्यादा आहे. रेकॉर्डर लडाखच्या हिवाळ्यात उणे ३० अंशांत नेला तरी हा नॉइज एका डेसिबलनेही घटत नाही. एखाद्या रेकॉर्डरचा नॉइज उणे १२८ डीबीयू असेल, तर त्याच्या अभियंत्यांनी निसर्गाच्या मर्यादेपासून तीनच डेसिबल अंतर ठेवलं आहे. यापुढे सुधारायला फारशी जागाच उरत नाही.

टेपच्या काळात परिस्थिती वेगळी होती. स्टेफान कुडेल्स्की यांनी १९५१ साली स्वित्झर्लंडमध्ये नाग्रा हा खांद्याला अडकवून नेता येणारा टेपरेकॉर्डर बनवला आणि पुढे जगभरच्या रेडिओवाल्यांनी व चित्रपटवाल्यांनी तो वापरला. त्या यंत्रांमध्ये इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा टेपच्या फितीवरच्या चुंबकीय कणांचीच सळसळ जास्त असे. ती दडपण्याची प्रसिद्ध युक्ती रे डॉल्बी यांची. ते १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते, आणि १९६५ मध्येच त्यांनी लंडनला आपली प्रयोगशाळा सुरू केली. डिजिटल यंत्रं आली आणि फितीची सळसळ संपली. तिच्याखाली आजवर झाकलेला प्रीअ‍ॅम्पचा, म्हणजे माइकचा क्षीण संकेत मोठा करणाऱ्या पहिल्या टप्प्याचा, नॉइज तेव्हा उघडा पडला. आज माहितीपत्रकात छापतात तो आकडा मुख्यतः याचा असतो.

मोजायचं कसं?

भाजीवाला वजन करण्याआधी रिकामा काटा कुठे उभा आहे ते पाहतो; रेकॉर्डरचा नॉइज मोजणं म्हणजे तेच. अडचण एवढीच की रेकॉर्डरचा गेन बदलला की काटाही सरकतो. गेन दहा डेसिबलने वाढवला तर सूंही तेवढीच वाढते, पण यंत्र काही दहापट वाईट झालेलं नसतं. म्हणून बाहेर ऐकू येणाऱ्या नॉइजमधून गेन वजा करतात आणि विचारतात : प्रीअ‍ॅम्प अगदी निर्दोष असता, तर इतका नॉइज बाहेर यायला इनपुटवर किती व्होल्टेज द्यावा लागला असता? या उत्तराला 'इक्विव्हॅलंट इनपुट नॉइज' म्हणतात. माहितीपत्रकात तो 'ईआयएन' या आद्याक्षरांखाली सापडतो.

हे घरी मोजता येतं. प्रयोगशाळा लागत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळतील असे दोन रेझिस्टर, एक १५० ओहमचा आणि एक १५० किलोओहमचा, एक एक्सएलआर प्लग आणि एक साधा मल्टिमीटर पुरे. १५० ओहमचा रेझिस्टर प्लगच्या दोन आणि तीन नंबरच्या पिनांमध्ये सोल्डर करायचा. तीन नंबरची पिन एक नंबरला, म्हणजे ग्राउंडला जोडायची. बाहेरून येणारा संकेत १५० किलोओहममधून दोन नंबरच्या पिनेवर आणायचा. त्याची दुसरी तार ग्राउंडवर जाते. झालं. ही जोडणी आत येणाऱ्या व्होल्टेजचा हजारावा भाग रेकॉर्डरला देते. शिवाय रेकॉर्डरला ती १५० ओहमच्या माइकसारखीच दिसते.

आता रेकॉर्डर बॅटरीवर ठेवा. फँटम पॉवर बंद, लो-कट बंद, लिमिटर बंद, आणि आवाज आपोआप लहानमोठा करणारी ऑटो लेव्हल तर नक्की बंद. ध्वनिमुद्रण २४ बिटच्या वेव्ह फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्‌झवर करा, एमपी३ नको. लॅपटॉपमधून काहीशे हर्ट्‌झचा सलग सूर सोडा आणि मल्टिमीटरवर तो बरोबर अर्धा व्होल्ट दाखवेल असा आवाज लावा. स्वस्त मल्टिमीटर उच्च कंपनांवर चुकतात, म्हणून सूर खालचाच घ्यावा. रेकॉर्डरला आता अर्धा मिलिवोल्ट, म्हणजे उणे ६४ डीबीयू मिळतो आहे. गेन बराच वर घ्या, पण सूर फाटणार नाही इतपतच. अर्धा मिनिट ध्वनिमुद्रण करा. मग लॅपटॉपची तार काढून टाका, गेनला हात लावू नका, आणि आणखी अर्धा मिनिट नुसती सूं मुद्रित करा.

ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही तुकड्यांची आरएमएस, म्हणजे एका अर्थी सरासरी, पातळी पाहा. समजा सुराची पातळी उणे १४ आली आणि सूंची उणे ७४. फरक ६० डेसिबल. म्हणजे रेकॉर्डरचा नॉइज उणे ६४ च्याही ६० डेसिबल खाली, उणे १२४ डीबीयू. घरच्या साधनांनी यात अर्ध्याएक डेसिबलची चूक राहते, पण दोन रेकॉर्डरांमधला खरा फरक दिसायला हे पुरेसं आहे. एक पथ्य पाळायचं : हलत्या मीटरवरचं शिखर वाचायचं नाही. सूंची शिखरं तिच्या आरएमएस पातळीच्या दहा-बारा डेसिबल वर उसळत असतात, त्यामुळे शिखरावरून काढलेलं उत्तर यंत्रावर अन्याय करतं.

ज्यांना माइक बाहेरून जोडताच येत नाही, ज्यांचे माइक अंगातच बसवलेले असतात, त्या रेकॉर्डरांना ही युक्ती चालत नाही. तिथे खोलीच आड येते. रात्रीच्या शांत शयनगृहातही २५-३० डेसिबल आवाज असतो आणि तो माइकच्या नॉइजला झाकून टाकतो. म्हणूनच माइक बनवणारे आवाज न परतवणाऱ्या, जाड भिंतींच्या खोल्या बांधतात. त्यातल्या सर्वांत शांत खोल्या शून्य डेसिबलच्याही खाली जातात. घरी मात्र मध्यरात्री, गोधड्यांनी भरलेल्या कपाटात दोन रेकॉर्डर शेजारी शेजारी ठेवून तुलना करणं, एवढंच हाती उरतं.

बारीक अक्षरातल्या अटी

माहितीपत्रकातला आकडा तुमच्या मोजमापाशी जुळला नाही, तर लगेच कंपनीला खोटं पाडू नका. आधी अटी पाहा.

पहिली अट वजनाची, म्हणजे वेटिंगची. आकड्यापुढे बहुधा 'ए-वेटेड' असं लिहिलेलं असतं. माणसाचा कान हळू आवाजात खर्ज फारसा ऐकत नाही. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांवर ही ए-वक्ररेषा आधारलेली आहे. ती १०० हर्ट्‌झला १९ डेसिबल आणि ५० हर्ट्‌झला ३० डेसिबल सूट देते. सपाट सूं या चाळणीतून गेली की दोनेक डेसिबलने कमी भरते; तेवढं ठीक. पण आपल्याकडच्या विजेची गुणगुण ५० हर्ट्‌झचीच असते. एखादा रेकॉर्डर चार्जरला लावल्यावर घूंऽऽ करत असेल, तर ए-वेटेड आकड्यात त्याचा बराचसा गुन्हा माफ होतो.

याच्या उलट स्वभावाचं मापही आहे. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९६० च्या दशकात श्रोत्यांना नॉइज ऐकवून कोणता जास्त सलतो ते पाहिलं. त्यातून आलेलं आयटीयू ४६८ हे माप ६ किलोहर्ट्‌झच्या आसपासच्या सळसळीला जास्त वजन देतं. तोच रेकॉर्डर या मापाने दहाहून अधिक डेसिबलने वाईट दिसतो. म्हणून विक्रीच्या पत्रकात हे माप क्वचितच भेटतं.

दुसरी अट इनपुटला काय जोडलं होतं याची. १५० ओहमऐवजी दोन पिना सरळ एकमेकींना जोडल्या, तर रोधकाचा स्वतःचा नॉइज मोजमापातून निघून जातो आणि आकडा निसर्गाच्या मर्यादेपेक्षाही चांगला दिसू शकतो. उणे १३१ च्या खालचा, वेटिंग न लावलेला आकडा दिसला की ही शंका घ्यावी. तिसरी अट एककाची. काही कंपन्या डीबीयूऐवजी डीबीव्ही वापरतात, ज्यात शून्य म्हणजे एक व्होल्ट. तोच नॉइज या एककात २.२ डेसिबलने कमी लिहिला जातो. उणे १३० डीबीव्ही आणि उणे १२८ डीबीयू यांत तसा काहीच फरक नाही.

चौथी अट गेनची. छापील आकडा बहुधा सर्वांत वरच्या गेनवरचा असतो. गेन खाली आणला की प्रीअ‍ॅम्पचा नॉइज मागे पडतो, आवाजाचे अंक करणाऱ्या कन्व्हर्टरचा नॉइज पुढे येतो आणि इनपुटच्या हिशेबात तो मोठा भरतो. ढोलताशाच्या मुद्रणात त्याने बिघडत नाही, कारण गेन खाली आणतो तो मोठ्या आवाजासाठीच. पण 'गेन कमी ठेवू, नंतर संगणकावर वाढवू' अशी सवय असलेल्यांना मात्र तो भेटतो.

डीबीयूपासून कानापर्यंत

आता खरा प्रश्न. उणे १२० आणि उणे १२७ यांतला फरक कानाला कळेल का? त्यासाठी माइकची संवेदनशीलता लागते. ९४ डेसिबलचा आवाज म्हणजे एक पास्कल दाब. त्याला माइक किती मिलिवोल्ट देतो ते त्याच्या पत्रकात असतं. गायकांच्या हातातला डायनॅमिक माइक दोनेक मिलिवोल्ट देतो. कंडेन्सर माइक वीसेक.

उणे १२७ डीबीयूचा रेकॉर्डर आणि दोन मिलिवोल्टचा डायनॅमिक माइक घेतला, तर रेकॉर्डरचा नॉइज खोलीतल्या १९ डेसिबल आवाजाइतका भरतो. उणे १२० चा रेकॉर्डर घेतला तर २६. आणि हलक्या प्रीअ‍ॅम्पचा, समजा उणे १०५ चा घेतला तर ४१ डेसिबल. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रुग्णालयं आणि शाळांभोवतीच्या शांतता क्षेत्रासाठी रात्रीची मर्यादा ४० डेसिबल आहे. म्हणजे या जोडीचा नुसता यंत्राचा आवाज ती मर्यादा ओलांडतो!

त्याच हलक्या रेकॉर्डरला वीस मिलिवोल्टचा कंडेन्सर माइक जोडा. ४१ चे २१ होतात. रेकॉर्डर तोच, माइक दहापट बोलका, त्यामुळे नॉइज २० डेसिबलने खाली. जुना रेकॉर्डर टाकून देण्याआधी हा हिशेब करून पाहावा.

पण कंडेन्सर माइकलाही स्वतःचा नॉइज असतो. तो थेट डेसिबलमध्ये छापतात : सामान्य माइकचा १४-१५, अतिशांत माइकचा ५ च्या आसपास. दोन नॉइज एकत्र येतात तेव्हा त्यांची साधी बेरीज होत नाही. दोन्ही सारखे असतील तर एकूण ३ डेसिबलने वाढतो. एक दुसऱ्यापेक्षा १० डेसिबलने कमी असेल तर तो जेमतेम ०.४ डेसिबलची भर घालतो, जी कोणाला ऐकू येत नाही. १४ डेसिबल नॉइजच्या, वीस मिलिवोल्टच्या माइकचा नॉइज रेकॉर्डरच्या इनपुटवर सुमारे उणे ११२ डीबीयू भरतो. त्याच्यापुढे उणे १२० काय आणि उणे १२७ काय, फरक अर्ध्या डेसिबलचा. माइक ५ डेसिबलचा असेल तेव्हा मात्र उणे १२० चा रेकॉर्डर त्याच्या शांततेवर उणे १२७ च्यापेक्षा अडीच डेसिबल जास्त पाणी फिरवतो. महागडा प्रीअ‍ॅम्प तिथेच उपयोगी पडतो.

बत्तीस बिटांचं गारूड

२०१९ मध्ये साउंड डिव्हायसेस आणि झूम या कंपन्यांनी ३२ बिट फ्लोटचे छोटे रेकॉर्डर आणले आणि 'आता गेन लावायलाच नको' अशी हवा झाली. या यंत्रांत एकाच संकेतासाठी एकापेक्षा अधिक कन्व्हर्टर असतात, एक हळू आवाजासाठी, एक मोठ्यासाठी, आणि आतलं सॉफ्टवेअर दोन्ही सांधून एक फाइल करतं. आवाज अचानक फाटण्याची भीती जाते, हा मोठाच फायदा. पण नॉइज त्याने कमी होत नाही. १६ बिटांत ९६ आणि २४ बिटांत १४४ डेसिबलचा पल्ला कागदावर मिळतो. प्रत्यक्षात उत्तम कन्व्हर्टरही १२० च्या आसपास थांबतात. खालचे बिट सूंच मोठ्या अचूकतेने लिहून ठेवतात. इनपुटला जॉन्सन आणि नाइक्विस्ट बसलेले आहेत, त्यांना बिटांची संख्या विचारून उपयोग नाही.

पैसे कुठे घालावेत?

एक मीटरवरून बोलणाऱ्या माणसाचा आवाज साधारण ६० डेसिबल असतो. माइक मीटरभर अंतरावरून पाव मीटरवर आणला तर तोच आवाज १२ डेसिबलने वाढतो. फुकटात. छताचा पंखा चालू असेल तर खोलीत सहज ४०-४५ डेसिबल आवाज असतो आणि त्याच्याखाली बरा-वाईट कुठलाही रेकॉर्डर झाकला जातो. मुलाखत घेणाऱ्याने आधी पंखा बंद करावा, खिडकी लावावी, माइक जवळ न्यावा, शेजारचा मोबाइल दूर ठेवावा आणि चार्जर काढून बॅटरीवर यावं. नव्या रेकॉर्डरचा विचार त्यानंतर.

गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्यांतल्या हजारो ध्वनिमुद्रितही झाल्या. दळता दळता गायलेल्या ओवीत जात्याची घरघर गळ्याशी स्पर्धा करते. तिथे यंत्राची सूं मोजायला जाणं व्यर्थ. याउलट, गाडीरस्त्यापासून दूर, वारा पडलेल्या रात्री, २०-२५ डेसिबलच्या शांततेत दरीपलीकडचं घुबड मुद्रित करायचं असेल तर आवाजच इतका क्षीण असतो की माइक आणि प्रीअ‍ॅम्प दोन्हींचा प्रत्येक डेसिबल मोलाचा. तिथे अतिशांत माइक घ्यावा, आणि मग त्याला शोभेल असा उणे १२७ च्या आसपासचा रेकॉर्डर.

म्हणून 'याला नॉइज किती?' याआधी तीन प्रश्न विचारावेत : मी मुद्रित करणार तो आवाज किती मोठा, तिथली जागा किती शांत, आणि माझा माइक किती बोलका? या तीन उत्तरांतून निघणारा सर्वांत मोठा नॉइज आधी कमी करायचा. बाकीच्यांवर खर्च केलेला पैसा फक्त माहितीपत्रकात दिसतो.